लाकडाच्या स्टोव्हचे दार: नवी दोरी घातली, तरी फट तशीच

मेपलवाट (व्हरमाँट, अमेरिका)
११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकांना परका वाटेल, पण थंड मुलुखात राहणारे काही सभासद आणि यंत्रशाळेत आयुष्य घालवलेले काही जाणकार इथे आहेत हे ठाऊक असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही व्हरमाँटच्या उत्तर भागात एका जुन्या घरात राहतो. घराबरोबरच आलेला लाकडाचा स्टोव्ह बिडाचा असून त्याच्या मागच्या पट्टीवर १९८३ हे साल कोरलेले आहे. पुढे काच असलेले मोठे दार आहे, त्याखाली राखेच्या खणाचे छोटे दार आहे, आणि हवा कमीजास्त करायची एक कळ आहे. जानेवारीत बाहेर उणे २५ अंश सेल्सिअस असताना घर याच स्टोव्हवर तगते. पहिल्या हिवाळ्यात आम्हाला साडेतीन कॉर्ड लाकूड पुरले. एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफुटांची रचलेली रास. गेल्या हिवाळ्यात पाच कॉर्ड संपले, आणि थंडी काही दीडपट नव्हती.

लक्षणे अशी आहेत. रात्री दहाला भरलेला स्टोव्ह पूर्वी पहाटे सहापर्यंत निखारे धरून असे, तो आता दोन वाजताच राख होऊन बसतो. हवेची कळ पूर्ण मिटवली तरी ज्वाळा दबत नाहीत. धुराच्या नळीवर लावलेला चुंबकाचा थर्मामीटर तेव्हा ५५० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ २९० सेल्सिअस दाखवतो आणि त्याचा काटा लाल पट्ट्यात असतो. काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग सतत धरतो.

इथे सगळे करतात ती नोटेची परीक्षा मी केली. स्टोव्ह थंड असताना दारात एक डॉलरची नोट धरून दार लावायचे आणि नोट ओढून पाहायची. कडीच्या बाजूला ती लोण्यातून सुरी यावी तशी बाहेर आली. म्हणून गेल्या महिन्यात मी दाराभोवतीची काचतंतूंची दोरी बदलली. जुनी दोरी ३/८ इंचाची असावी. दुकानात १/२ इंचाची होती, आणि जाड दोरीने फट जास्त चांगली बुजेल असे वाटल्यामुळे तीच घेतली. आता दार लावायला गुडघा टेकवावा लागतो. बिजागरीच्या बाजूला नोट अशी घट्ट धरली जाते की ओढताना फाटली, पण कडीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ती अजूनही मोकळीच आहे.

दार वाकले असेल का? वाकले असल्यास ते ठोकून सरळ करता येते का? की दोरीच वाईट निघाली?

नाना यॉर्कशायरकर
१२ ऑक्टोबर, दुपारी १:१५

सर्वांत आधी एक विनंती. दार दुरुस्त होईपर्यंत हा स्टोव्ह पेटवू नका. कळ मिटवूनही आग आटोक्यात येत नसेल, तर ती आग तुमच्या ताब्यात नाही. नळीच्या पृष्ठभागाचे तापमान साधारणपणे १२० ते २४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे. तुम्ही त्याच्या बरेच वर आहात. धुराड्यात क्रिओसोट, म्हणजे लाकडाच्या धुराची ती डांबरासारखी चिकट काजळी, साचलेली असेल आणि तिने पेट घेतला, तर आतले तापमान हजार अंशांपलीकडे जाते. धुराडे झाडून घेतले आहे का, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे कृपया सांगा. इथे इंग्लंडमध्ये २०१० पासून लाकडाचा नवा स्टोव्ह बसवताना तो अलार्म लावणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो कायदा मला अजिबात जाचक वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. दारातून धूर बाहेर येतो म्हणून फट वाईट, असा बहुतेकांचा समज असतो. धुराडे नीट ओढत असताना प्रत्यक्षात उलट घडते. धुराड्यातली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि स्टोव्हच्या पोटात खोलीपेक्षा किंचित कमी दाब तयार होतो. हा फरक साधारण १२ पास्कलचा असतो, म्हणजे पाण्याच्या जेमतेम सव्वा मिलिमीटर उंचीइतका. पण तेवढ्यावर फटीतून खोलीतली हवा आत खेचली जाते. म्हणूनच धूर दिसत नाही, वासही येत नाही, आणि लाकूड मात्र कापरासारखे उडून जाते. वारा फिरला किंवा धुराडे थंड पडले की त्याच फटीतून वायू खोलीत येतात, आणि अलार्म त्या वेळेसाठी असतो.

फट कुठे आहे हे कळल्याशिवाय दोरी बदलू नये. घरात उदबत्ती असेलच. स्टोव्हमध्ये कागद आणि चार काटक्यांचा अगदी छोटा जाळ करा, धुराडे ओढू लागले की पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेने सावकाश फिरवा. जिथे धुराची सरळ रेघ मोडून आत वळेल, तिथे फट आहे. मोठे दार झाले की राखेच्या खणाच्या दाराभोवतीही फिरवा. त्या दाराचा उल्लेख तुम्ही केला आणि पुढे विसरलात, पण माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे.

भोसरीचा फिटर
१२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मी असा स्टोव्ह आयुष्यात पाहिलेला नाही, पण दाबाची भांडी आणि त्यांची झाकणे बत्तीस वर्षे बसवली आहेत. तुमचे वर्णन वाचून दार वाकले असेल असे मला वाटत नाही. तुमची जाड दोरी दाराला मिटू देत नाही.

असे बघा. घराच्या दाराच्या बिजागरीच्या फटीत पोराने पेन्सिल अडकवली, तर दुसऱ्या टोकाला दार वीतभर उघडे राहते. तुमच्या दाराची रुंदी ४५ सेंटिमीटर धरू आणि बिजागरीच्या बाजूची दोरी खिळीपासून ४ सेंटिमीटरवर आहे असे मानू. तिथे दाबून दाबूनही दोरी १ मिलिमीटर जास्त जाड उरली, तर कडीच्या टोकाला १० मिलिमीटरहून जास्त फट राहते. ती तुम्ही गुडघ्याने मिटवता, म्हणजे बिजागरीच्या खिळ्या आणि त्यांची बिडाची कानके यांच्यावर सारा भार टाकता. बीड दाबाला राजा आणि वाकवण्याला रंक असते. ते कान एक दिवस टक् करून तुटतील. त्याच कारणाने बिडाचे दार ठोकून सरळ करायचा विचार पूर्ण सोडून द्या, कारण ते वाकण्याआधी तडकेल.

फटीचा हिशेब करून पाहा. १ मिलिमीटर रुंदीची फट २५ सेंटिमीटर लांब असेल, तर तिचे क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटर होते. तुमच्याकडचे दहा सेंटचे नाणे जवळपास तेवढेच असते. कळ मिटवून वरचे दार बंद केले आणि खाली दहा सेंटच्या नाण्याएवढे भोक उघडे ठेवले, असे समजा.

आता तपासणी. दार उतरवून पालथे ठेवा आणि दोरीची खाच जिथे आहे त्या कडेवर पोलादी पट्टी उभी धरून चारही बाजूंनी व दोन्ही तिरक्या दिशांनी पाहा. पट्टीखालून उजेड दिसला तर दार वाकले आहे. दिसला नाही तर बिचाऱ्या दाराला दोष देऊ नका. त्यानंतर स्टोव्हच्या चौकटीची जी कड दोरीत रुतते, तिला शाळेतला खडू घासा, दार हलकेच लावा आणि उघडा. दोरीवर खडूची रेघ उमटेल. ती सलग आणि सगळीकडे सारख्या रुंदीची हवी. जिथे रेघ तुटली तिथे दाब नाही, जिथे फार रुंद झाली तिथे दाब जास्त आहे, आणि जिथे ती दोरीच्या मधोमध न पडता काठावर पडली तिथे दार खाली झुकले आहे. आम्ही टूलरूममध्ये हेच काम निळ्या रंगाने करायचो. रंग संपला की एक सहकारी डबीतले कुंकू काढायचा, आणि मुकादम ओरडायचे.

बंबवाला
१३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

आमच्या कोल्हापूरच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. खालून लाकडे सारायची, दार कसले आणि दोरी कसली! चाळीस वर्षांत काही झाले नाही. एवढी चिंता का करता? फार तर गाडीच्या इंजिनाला लावतात ते लाल सिलिकॉन फटीत भरून टाका.

नाना यॉर्कशायरकर
१३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

बंबवाले, बंबाची आठवण काढलीत, बरे वाटले. आमच्याही न्हाणीघरात तो होता. पण बंबाचे काम वेगळे असते. त्यात लाकूड भरभर जळून अर्ध्या तासात पाणी उकळावे अशीच आपली इच्छा असते, आणि आगीच्या चहूबाजूंना पाणी असल्यामुळे तांबे फार तापत नाही. इथे मूठभर लाकडावर आठ तास काढायचे असतात, म्हणजे हवा मोजून द्यायची असते. हवा मोजायची कळ एक आणि हवा शिरायच्या वाटा पाच, अशी स्थिती असेल तर कळीला काही अर्थ उरत नाही.

सिलिकॉन मात्र कृपया सुचवू नका. ते लाल सिलिकॉन सुमारे ३०० अंशांच्या आसपास हार मानते, आणि भरलेल्या स्टोव्हच्या दाराची कड तो आकडा सहज ओलांडते. शिवाय ते एकदा खाचेत गेले की नवी दोरी चिकटवण्यापूर्वी ते खरवडता खरवडता नखे जातात. दोरीसाठी स्टोव्हचेच उष्णतारोधक सिमेंट मिळते, तेच वापरावे.

हिमगौरी
१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

विषयाला थोडेसे लागून आहे म्हणून लिहिते. आम्ही तीन हिवाळे मनालीच्या वरच्या अंगाला राहिलो. तिथे घरोघर पत्र्याचा तंदूर असतो. वर भांडे ठेवायचे भोक, बाजूला लाकूड घालायचे पत्र्याचे दार, आणि नळी छपरातून बाहेर. दाराला दोरी वगैरे काही नसते, त्यामुळे तो लगेच लाल होतो आणि लगेच थंडही होतो. आमच्या घरमालकीणबाई नळीच्या सांध्यांना माती लिंपायच्या, पण दाराला कधीच नाही, कारण दर अर्ध्या तासाने लाकूड घालायचेच असते. रात्री तो विझवून, रजया ओढून झोपायचे. रात्रभर आग राखायची असते ती तुमच्या बिडाच्या स्टोव्हमध्ये, आणि म्हणूनच दार बसले पाहिजे, हे नानांचे म्हणणे मला पटले.

मेपलवाट
१५ ऑक्टोबर, रात्री ११:१०

सर्वांचे मनापासून आभार. धुराडे ऑगस्टमध्ये झाडून घेतले होते आणि अलार्म आहे. काल बॅटरी नवी घातली. स्टोव्ह बंद ठेवला आहे, तूर्त घर तापवणारी तेलाची भट्टी चालते आहे आणि तेलाचे बिल मला रात्री स्वप्नात दिसते आहे.

बंद करण्यापूर्वी उदबत्तीची परीक्षा मात्र केली, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. मोठ्या दाराच्या वरच्या कडेला धूर सरळ वर गेला. बिजागरीच्या बाजूलाही सरळ. कडीच्या बाजूला खालून साधारण एक वीत अंतरात तो आत वाकला, ते अपेक्षितच होते. मग राखेच्या खणाच्या दारापाशी उदबत्ती नेली, तर धुराची रेघ तिथल्या खालच्या फटीत दोरा ओवावा तशी सरसरून आत गेली, आणि उदबत्तीचे टोकही क्षणभर जास्त लाल झाले. ते दार मी तीन वर्षांत फक्त राख काढायला उघडले होते. त्याला दोरी आहे हेसुद्धा माझ्या ध्यानात नव्हते. दोरी आहे, पण चपटी होऊन वाळलेल्या पोळीसारखी कडक झाली आहे, आणि एका बाजूला चार बोटे जागी ती नाहीच.

पोलादी पट्टीखालून उजेड कुठेही दिसला नाही. खडूची रेघ बिजागरीकडे बोटभर रुंद आहे, वर बरी आहे, आणि कडीच्या खालच्या कोपऱ्यात अजिबात नाही. फिटरकाका, तुमचा अंदाज बरोबर ठरला.

भोसरीचा फिटर
१६ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

राखेच्या खणाचे दार म्हणजे लोहाराच्या भात्याचे तोंड समजा. वरच्या दारातून गळणारी हवा ज्वाळांना मिळते. खालच्या दारातून गळणारी हवा जाळीखालून थेट निखाऱ्यांच्या पोटात शिरते. भट्टीत लोखंड लाल करायचे असले की हवा नेमकी तिथूनच देतात. थर्मामीटर लाल पट्ट्यात जाण्याचे मुख्य कारण हेच असावे, आणि असाच हिवाळाभर जाळलात तर जाळी आणि आतल्या पट्ट्या खरोखरच वाकतील.

आता मोठ्या दाराविषयी. रेघ बिजागरीकडे रुंद आहे ती जाड दोरीमुळे. खालच्या कोपऱ्यात रेघ नाही, याचे कारण खिळी झिजून दार लोंबले असावे. दार अर्धवट उघडून कडीच्या बाजूने वर उचलून पाहा. टकटक वाजले तर खिळी झिजली आहे.

नाना यॉर्कशायरकर
१६ ऑक्टोबर, दुपारी २:००

एक गंभीर मुद्दा राहून गेला. १९८३ च्या सुमाराच्या आणि त्याआधीच्या स्टोव्हच्या दोऱ्यांमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारे उष्णतारोधक तंतू, असण्याची शक्यता असते. मोठ्या दाराची दोरी मधल्या काळात कोणीतरी बदललेली असू शकेल, पण राखेच्या दाराची ती कडक पोळी मूळचीच असण्याची शक्यता बरीच आहे. ती कोरडी खरवडू नका, तारेचा ब्रश ड्रिलला लावून तर मुळीच नाही. तिचा नखाएवढा तुकडा पाण्याने भिजवून काढा, दुहेरी पिशवीत बंद करा आणि प्रयोगशाळेत तपासायला पाठवा. अहवाल येईपर्यंत तिला हात लावू नका.

मेपलवाट
१६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

नाना, हे वाचून पोटात गोळा आला, कारण गेल्या महिन्यात मोठ्या दाराची जुनी दोरी मी तळघरात तारेचा ब्रश ड्रिलला लावूनच काढली होती. तोंडावर कापडी रुमाल बांधला होता, जणू होळीची धूळवड आहे. तळघराच्या कोपऱ्यात त्या दोरीचे तुकडे अजून पडलेले आहेत. दोन्ही दोऱ्यांचे नमुने उद्याच पाठवतो. दार उचलून पाहिले, स्पष्ट टकटक वाजते.

मेपलवाट
२५ ऑक्टोबर, रात्री ८:१५

अहवाल आला. दोन्ही नमुन्यांत ॲस्बेस्टॉस नाही. बायकोने अहवाल दोनदा वाचला आणि मग मला चहा दिला. तरीही जुनी दोरी भिजवून आणि मुखपट्टी लावूनच काढली.

आता काम केले ते सांगतो. स्टोव्हची मूळ पुस्तिका जालावर सापडली आणि तिच्यात मोठ्या दारासाठी ३/८ इंचाची दोरी स्पष्ट लिहिलेली आहे. एका महिन्याची १/२ इंची दोरी उपटली. तिच्याखाली बिजागरीच्या बाजूला, खाचेच्या तळाशी, जुन्या सिमेंटचे खडे तसेच होते. मागच्या वेळी मी त्यांच्यावरच नवे सिमेंट थापले होते. एक खडा तर हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. बोथट छिन्नीने आणि पाण्याने सगळी खाच धातू दिसेपर्यंत साफ केली. त्याला दोन संध्याकाळी गेल्या. यातले अडचणीचे काम तेवढेच. बाकी सारे तासाभराचे आहे.

नवी दोरी चिकटवण्याआधी एक शंका: दोरी ओढून ताणून बसवायची की सैल?

नाना यॉर्कशायरकर
२५ ऑक्टोबर, रात्री ११:४०

अजिबात ताणू नका. दोरी ताणली की बारीक होते, आणि पुढे तापल्यावर आखडून टोकांपाशी फट पडते. दाबून गोळाही करू नका, नाहीतर पुन्हा तीच जाडी येईल. आधी सिमेंटशिवाय खाचेत नुसती ठेवून पाहा. ती खाच भरून साधारण ३ मिलिमीटर वर आली पाहिजे. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून मग कात्रीने कापा, म्हणजे टोक पिंजत नाही. दोन टोकांचा सांधा खालच्या कडेला किंवा कोपऱ्यात कधी आणू नका, बिजागरीच्या बाजूच्या सरळ भागात ठेवा. आणि टोके एकमेकांना नुसती टेकवा, एकावर एक चढवू नका. सिमेंटची रेघ पेन्सिलीएवढीच पुरे, कारण दोरीत जास्त मुरले तर ती दगडासारखी कडक होते आणि दबतच नाही.

अजून एक. दुकानात पांढरी आणि काळी अशा दोन दोऱ्या दिसतील. काळीला ग्राफाइट लावलेले असते आणि ती सहसा मऊ असते. एकाच जाडीच्या दोऱ्यांमध्येही मऊ आणि घट्ट विणीच्या असतात, तेव्हा पुस्तिकेत विणीचा उल्लेख असेल तर तोही पाळा.



भोसरीचा फिटर
२६ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

क्रम लक्षात ठेवा: आधी दार उचला, मग दोरी, आणि कडी सर्वांत शेवटी. खालच्या खिळीवर पोलादी वॉशर घाला, अर्ध्या किंवा एक मिलिमीटरचा, जेवढे लोंबले आहे तेवढा. पितळी किंवा प्लास्टिकचा नको. वॉशर घालून खडूची रेघ खाचेच्या मधोमध येते का हे दोरीशिवायच बघता येते: खाचेत मळलेल्या कणकेची वळी ठेवा आणि दार लावा, कड कुठे रुतते ते दिसेल. कडी आधी आवळली, तर बाकीच्या चुका तिच्या जोरावर झाकल्या जातात आणि दोरी दोन महिन्यांत चपटी होते.

मेपलवाट
२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

कणकेची वळी घालून पाहिली. आमच्या मुलीला वाटले की स्टोव्हमध्ये बट्ट्या भाजायच्या आहेत. वॉशरशिवाय चौकटीची कड वळीच्या वरच्या काठावर रुतत होती; १ मिलिमीटरचा वॉशर घातल्यावर ती मधोमध आली. मग ३/८ इंची दोरी नानांनी सांगितल्याप्रमाणे बसवली, मध्ये मेणकागद ठेवून दार हलकेच टेकवून चोवीस तास वाळू दिले. राखेच्या दारालाही नवी दोरी लावली. शेवटी चौकटीवरच्या कडीच्या बोल्टाचा नट सैल करून बोल्ट अर्धा आटा आत घेतला. आता दार एका हाताने लागते, आणि शेवटच्या दोन बोटांत मूठ किंचित जड होते.

नोट आठ ठिकाणी लावून पाहिली. सगळीकडे ती सारख्या जोराने धरली जाते. ओढली तर कुरकुरत निघते, पण फाटत नाही. राखेच्या दारालाही तसेच. पहिल्या दिवशी लहान जाळ केला, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, आणि काल रात्री दहाला बीच आणि मेपलचे पाच ओंडके घालून पूर्ण भरला. नळी २०० अंश सेल्सिअसवर आल्यावर कळ पाऊण मिटवली. याआधी कळ मिटवल्यावर काहीच होत नसे. काल ज्वाळा खाली बसल्या, लाकडापासून सुटून वरच्या बाजूला सावकाश लहरू लागल्या, आणि वीस मिनिटांत काटा १७० वर येऊन स्थिरावला. मी खुर्ची ओढून तासभर नुसता बघत बसलो. आज सकाळी सहाला राख उकरली, तर तिच्याखाली मुठीएवढे निखारे होते आणि दोन काटक्यांवर आग पुन्हा धरली.

नाना यॉर्कशायरकर
२ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

उत्तम. आता उलट बाजूची सूचना देतो, कारण स्टोव्ह घट्ट झाला की माणूस लोभी होतो. आता कळ खरोखरच हवा तोडते, त्यामुळे ती पूर्ण मिटवून ओले लाकूड रात्रभर धुमसत ठेवले, तर धुराड्यात क्रिओसोट पूर्वीपेक्षा जास्त वेगाने साचेल. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. दोन सुयांचे मापक स्वस्त मिळते, पण ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा, बाहेरच्या सालीवर नको. भरल्यानंतर पंधरावीस मिनिटे आग मोकळी जळू द्या आणि मगच कळ मिटवा. नळी १२० च्या खाली फार वेळ राहू देऊ नका. फट असताना तुमचे धुराडे निदान गरम तरी राहत होते.

चौकस
२ नोव्हेंबर, रात्री १०:२५

धागा आवडला. माझ्याकडे मिशिगनमध्ये असाच स्टोव्ह आहे, पण दाराऐवजी काचेच्या कडेतून हवा येते असे उदबत्तीने दिसले. काचेभोवतीचे स्क्रू घट्ट आवळले तर चालेल का?

भोसरीचा फिटर
३ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

नाही. ती काच तापली तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही, पण तिच्याभोवतीचे लोखंड पावते. स्क्रू आवळलेत तर पहिल्याच मोठ्या जाळाला काच कोपऱ्यातून तडकेल. काचेची पट्टीदोरी वेगळी, चपटी आणि पातळ असते. ती बदला, स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने बोटांच्या जोराने लावा आणि त्यापुढे फार तर पाव आटा द्या. जुने स्क्रू गंजून अडकले असतील तर जोर लावण्याआधी त्यांना रात्रभर तेल पाजा.

मेपलवाट
३ नोव्हेंबर, रात्री ९:००

चौकस, फिटरकाकांच्या सांगण्यावरून मीही आज काच तपासली, ती ठीक आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यातला तपकिरी डाग ओल्या कागदाला राख लावून पुसून काढला. तो पुन्हा धरतो का हे दोन आठवड्यांनी लिहितो. उरलेल्या १/२ इंची दोरीचा सात फुटांचा वेटोळा तळघरात पडला आहे. कोणाच्या पुस्तिकेत तीच जाडी लिहिली असेल तर सांगा, टपालाने पाठवतो.